वाल्टररावांच्या घराण्याची चौकशी

आमच्या पळसदरीत दोन भावांची बांधावरून जुंपली की समजूत घालायला जोमाकाका येतात आणि हमखास वाल्टररावांचा दाखला देतात. "वाल्टररावांच्या घरात पन हेच झालं. चुलत्यानं जमीन दाबली, आन् शेवटी कुनालाच पचली नाय." हे ते इतकं घरगुती सुरात सांगतात, की एकदा शिळफाट्याहून आलेल्या पाहुण्यांनी सुचवलं, माणूस समजूतदार दिसतोय, त्यांनाच बोलवून घ्या आणि मिटवून टाका. ते वारले, असं काकांनी सांगितलं. पाहुणे हळहळले आणि कधी वारले म्हणून विचारू लागले. काका म्हणाले, "झाली की सहा-सातशे वर्सं."

वाल्टरराव म्हणजे सर वॉल्टर ड्रमॉरन, स्कॉटलंडमधल्या एका डोंगराळ मुलखाचे जहागीरदार. त्यांच्या किल्ल्याच्या आता दोनच भिंती उभ्या आहेत आणि तिथे मेंढ्या बसतात म्हणे. या गृहस्थांचा आमच्या काकांशी संबंध कसा आला, ते सांगते.

जोमाकाका माझे शेजारी. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते, आता निवृत्त झालेत. थोडी भाताची शेती आहे, एक म्हैस आहे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. नोकरी सुटली तरी कारखाना त्यांच्या तोंडातून गेलेला नाही. कुणी कसलीही घाई केली की म्हणतात, "प्रेशर बघितल्याबिगर वाल्व खोलायचा नाय." आम्ही घराला रंग काढायचा ठरवला तेव्हाही हेच म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याला ते इतकं पटलं की रंग अजून काढलेला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी सुवर्णा माझ्या वर्गातली. ती नर्स होऊन स्कॉटलंडला गेली आणि ईअन ड्रमॉरन नावाच्या बस ड्रायव्हरशी तिने तिकडेच लग्न केलं. कळवलं ते लग्न झाल्यावर. काका रागावतील, बोलणं टाकतील, असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. एवढंच म्हणाले, "घरान्याची चौकशी झाली नाय. ती होऊ दे. मंग त्येला जावय म्हनतो."

आमच्याकडे चौकशी म्हणजे गंमत नव्हे. मूळ गाव, मामाकूळ, देवक, भाऊबंद, सगळं खणून काढतात आणि मगच सुपारी फुटते. काका यात तरबेज. खालापूरपर्यंतची निम्मी स्थळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली आहेत. पण लग्न होऊन गेल्यावर चौकशी कसली, असं मी विचारलंच. काका म्हणाले, "पेरनी उशिरा झाली म्हनून कुनी लावनी सोडतं का गं?"

तिकडे सुवर्णाच्या सासूबाई त्यांच्यापेक्षा वरचढ निघाल्या. आम्ही त्याच ड्रमॉरन जहागीरदारांचे वंशज, असं त्यांनी सुनेला सांगितलं. पुरावा म्हणून स्वयंपाकघरात टांगलेली ढाल दाखवली. तिच्यावर एक रानडुक्कर आणि काटेरी पानांची एक फांदी होती. सुवर्णाला तिथल्या वाचनालयात या घराण्यावरचं एक जाडजूड पुस्तकही सापडलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती व्हिडिओ कॉल लावते, पुस्तकातलं थोडं थोडं मराठीत करून सांगते आणि काका ओटीवर मांडी घालून ऐकतात. फोन धरायला मी असते, कारण काकांनी स्वतः धरला की सुवर्णाला नुसती कौलं दिसतात.

पहिला प्रश्न देवकाचा निघाला. "डुक्कर चालनार नाय, फांदी चालंल," असा काकांनी निकाल दिला. मग वाल्टररावांचं चरित्र सुरू झालं. लहानपणी पोरके झाले, चुलत्याने जहागीर बळकावली, ती त्यांनी मोठेपणी तलवारीने परत घेतली. राजाच्या बाजूने लढताना इंग्रजांच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर त्यांनी दोनदा बाजू बदलली. इथे स्थळ फिसकटणार अशी माझी खात्री झाली. काका मात्र शांत. "राजकारनातला मानूस हाय. आपल्या पंचायतीत काय येगळं चाललंय?"

वाल्टररावांनी लग्नं तीन केली, त्यामुळे मामाकुळंही तीन आणि तिन्हींची स्वतंत्र चौकशी. तिसरी बायको वैऱ्याच्या घरातली. तिच्या भावाने दगा दिला, त्याच्यावर काकांचा अजून राग आहे आणि त्याला ते नुसतं 'त्यो मेव्हना' म्हणतात. दुसरीने नवरा कैदेत असताना सगळा हिवाळा किल्ला राखला होता. तो भाग ऐकला त्या दिवशी काका बराच वेळ काकूंच्या फोटोकडे बघत बसले. गावात कुणी विचारलं, काय काका, जावयाचं कुठवर आलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चौकशी चालू हाय."

असं करता करता यंदा अधिक महिना आला. धोंड्याला जावयाला घरी बोलवायचं, जेवू घालायचं, त्याचा मान करायचा, ही आपली पद्धत. त्या सुमारास सुवर्णाने मला एकटीला फोन केला. बाबांनी जावई म्हणून बोलावलं तरच येईन, म्हणाली, नाहीतर ईअनला तिथे आणून कुठे बसवू? आणि त्यातच तिने पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचून काढलं होतं. वाल्टररावांचा वंश नातवापाशीच संपला. आजचे ड्रमॉरन म्हणजे त्यांच्या जमिनी नांगरणाऱ्यांची पोरं. त्यांनी मालकाचं नाव लावलं एवढंच. सासूबाईंनी ढाल दुकानातून आणलेली. आता हे बाबांना कळलं तर ते कायमचं नाही म्हणतील, तू आधी त्यांच्या कानावर घाल, असं म्हणून ती रडायला लागली.

मी गेले तेव्हा काका म्हशीला पेंढा टाकत होते. धीर करून मी सगळं सांगितलं. त्यांनी पेंढा टाकायचा थांबवलासुद्धा नाही.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

ईअनने त्यांना पहिल्याच रविवारी, मी फोन धरायला यायच्या आधी, सांगितलं होतं. त्याला सुवर्णासमोर आईला खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून ती चहा ठेवायला आत गेली तेव्हा काकांच्या कारखान्यातल्या इंग्रजीत आणि ईअनच्या हातवाऱ्यांत हे बोलणं झालं होतं. "ग्रँडफादर, प्लाऊ, म्हनाला. नांगर धरून दाखवला. मूठ बराबर धरली व्हती. माजी चौकशी तवाच झाली."

मला संतापच आला. मग पोरीला इतकी वर्षं टांगून का ठेवलंत, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

काका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "पयला फोन करायची, तर जेवलास का, गोळी घेतलीस का, ठेवते. माजा च्या पन गार व्हायचा नाय. आता दुपारभर बोलते. चौकशी संपली, तर ती बोलंल कशाला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी मी बोललेच. म्हटलं, काका, ती तुमच्या एका शब्दासाठी थांबलीय. तो दिला नाहीत तर यंदा ती येणार नाही आणि पुढेही येणार नाही. काकांनी उरलेला पेंढा म्हशीपुढे सारला.

रविवारी मी गेले तर काका इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून ओटीवर बसलेले. सुवर्णाने शेवटचं प्रकरण सांगायला घेतलं. काकांनी सगळं नव्याने ऐकत असल्यासारखं ऐकलं. "वाल्टररावांचं वाईट झालं," ते म्हणाले. "नाव लावाया घरचं कोन नाय ऱ्हायलं." मग त्यांनी टोपी सारखी केली. "जावयबापूंना बोलव."

तिकडे सुवर्णाच्या हातातून फोन निसटला असावा, कारण बराच वेळ आम्हाला नुसतं छत दिसत होतं. मग ईअन दिसला, लालबुंद आणि गोंधळलेला, आणि त्याच्या खांद्याशी डोळे पुसत असलेली सुवर्णा.

"धोंड्याला दोगं पन या," काका म्हणाले. "आन् आता नांगरवाल्यांचं सांगा. ह्येचा बाप, ह्येचा आजा, त्येचा बाप, अगदी पयल्यापासनं. ते कुठल्या पुस्तकात नाय, म्हाताऱ्यांना ईचारून ईचारून सांगावं लागंल. टाइम लागंल. लागू दे."

पुढच्या रविवारी सासऱ्यांपासून सुरू करते, असं सुवर्णा म्हणाली. ईअनला बहुतेक काहीच कळलं नव्हतं. त्याने दोन्ही मुठी पुढे करून पुन्हा नांगर धरून दाखवला.

ते बघायला मी वाकले आणि माझ्या हातातला फोन कलला.

"फोन नीट धर गं," काका मला म्हणाले. "जावय दिसत नाय मला."