सोनाजीबुवांची कर्दळ

सोनाजीबुवा माळी कुणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे नाही, मोरीकडे बघायचे. अंजनगावात आमच्या आळीत एक म्हातारी वारली. बुवा समाचाराला गेले, ओसरीवर गप्प बसले, डोळे पुसले आणि उठताना हलकेच विचारलं, "मोरीचं पाणी कुठं जाते म्हणा?" तेरावं व्हायच्या आत त्या मोरीच्या तोंडाशी कर्दळीचा कंद लागलेला होता.

मी तेव्हा नवी सून होते. आमच्या मोरीवरही त्यांनी न विचारता कर्दळ लावली. सासूबाई रागावल्या, तर म्हणाले, "पाणी वायाच जाते ना, माय? मंग पिऊ द्या तिले."

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली म्हणे, आणि आमच्या काळ्या मातीत जो तो सरकी पेरू लागला. माळ्यांनी वांगी-मिरच्या उपटल्या. बुवांनी विहिरीचं पाणी वाहतं त्या दांडाला कर्दळच ठेवली. "कापूस काय, पांढरा अन् पांढरा," म्हणायचे. "त्याच्याकडं पाहून कोणाले काही वाटते का?"

कर्दळीबद्दल त्यांना किती सांगू नि किती नको असं व्हायचं. बोरूसारखा सरळ दांडा, केळीसारखं पान, शेंड्याला लाल फूल. कंद फोडून लावा, पाय ओले राहू द्या, माथ्यावर ऊन द्या, मग ती काही मागत नाही. पान जेवायला घ्या, नाहीतर लोणी बांधा. बी काळंभोर, इतकं टणक की आधी दगडावर घासल्याशिवाय रुजत नाही. त्याच्या माळा ओवून ते आळीभर वाटत. पाटलांनी एकदा तेच बी छऱ्यांऐवजी बंदुकीत भरलं. बार झाला, पारवे मजेत उडून गेले. पाटील चिडले, बुवा मात्र खूश. "माह्या बियानं कोणी मरत नाही," हे ते पुढं वर्षभर सांगत होते.

त्यांची बायको गिरजाकाकी मितभाषी. रोज सकाळी एकटी देवळात जायची, सावकाश.

एका हंगामात कापसाच्या गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून देशमुखांच्या गड्यांनी त्यांच्या वाड्याच्या कोपऱ्यावरची, बुवांनी लावलेली कर्दळ खणून टाकली. दुसऱ्या सकाळी मला गिरजाकाकी पार गाड्यांच्या रांगेत सापडली. चाक घट्ट धरून उभी होती. दोन्हीकडे बैल.

"काकी, इकडं कावून आल्या?"

"कोपरा गवसला नाही माय," ती म्हणाली. "मले आता लाल तेवढंच दिसते. तुमच्या मोरीवरचं लाल आलं की सरळ जाचं, देशमुखाचं आलं की वळाचं. आज ते आलंच नाही."

मी तिला घरी नेलं. बुवा दांडावर काम करत होते. सगळं ऐकून घेतलं, हातातली माती झटकली.

"सूनबाई, कोणाले सांगू नोको," ते म्हणाले. "लोक तिले आंधळी म्हणतील. तिले अजून लाल दिसते."

त्याच दिवशी ते मोर्शीला गेले. तिथल्या एका माळ्याकडं लाल फुलाचा दांडगा वाण होता, बैल घासले तरी मोडायचा नाही. देशमुखांच्या कोपऱ्यावर त्यांनी तो कंद लावला आणि पुढ्यात भलामोठा दगड रोवला. देशमुख कुरकुरले. बुवांनी त्यांनाही मोरीच्या पाण्याबद्दल इतका वेळ सांगितलं, की ते कंटाळून आत निघून गेले. झाड उभं राहीपर्यंत बुवा रोज काहीतरी काम काढून काकीबरोबर देवळापर्यंत जात.

दांडा माणसाच्या खांद्याला लागला, कळी आली. उमलली त्या सकाळी बुवा काकीला मुद्दाम घेऊन आले. मी पाणी घेऊन चालले होते, थबकले. फूल हळदीसारखं पिवळंधमक होतं. मोर्शीच्या माळ्यानं वेगळाच कंद दिला होता.

बुवा फुलाकडे बघत राहिले. तेवढ्यात काकीनंच मान वर केली.

"फुललं वाटते," ती म्हणाली. "लालभडक आहे. लांबूनच दिसलं मले."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"हो ना," ते म्हणाले. "यंदा रंग लयच चढला."

आणि भर रस्त्यात, गाडीवानांच्या देखत, त्यांनी बायकोचा हात धरला आणि देवळाच्या वाटेला लागले.