टेकू

लिफ्ट तपासण्याच्या सरकारी कचेरीत कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आल्यामुळे कर्मचाऱ्यांत संघभावना निर्माण करण्यात यावी, असा आदेश निघाला. त्यानुसार नागरिकांची खिडकी बंद ठेवण्यात आली आणि एक हसतमुख प्रशिक्षक बाई जुनी वर्तमानपत्रं, शीतपेयाच्या नळ्या आणि चिकटपट्टी घेऊन सभागृहात अवतरल्या.

"यातून मनोरा उभा करायचा," बाई म्हणाल्या. "ज्या गटाचा सर्वांत उंच, तो जिंकला. आज कुणी साहेब नाही, कुणी शिपाई नाही. सगळे सारखे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बडे साहेब बसेपर्यंत कुणीही बसलं नाही.

थोरल्या निरीक्षकांची बढती बरेच दिवस अडून होती. त्यामुळे आपल्या गटाचा मनोरा भराभर वर चाललेला पाहून त्यांना घाम फुटला.

"अरे, आवरा त्याला!" ते दबक्या आवाजात खेकसले. "साहेबांच्या वर जातोय!"

वरचा निम्मा भाग तातडीने मोडण्यात आला. शेजारच्या गटांनाही तोच साक्षात्कार झाला. स्पर्धा उंचीची असूनही सभागृहात बुटकेपणाची चुरस लागली. पंचाईत अशी की साहेबांचा मनोरा मुळात उभाच राहीना, आणि आडव्या मनोऱ्याहून बुटकं होणं सोपं नसतं. शेवटी लेखा विभाग आपल्या मनोऱ्यावर बसला.

साहेबांनी मोठ्या प्रयासाने आपला मनोरा उभा केला. तो लगेच कलला. निरीक्षकांनी झेप घेऊन दोन्ही हातांनी सावरला.

"बघा!" साहेब गहिवरले. "संघभावना म्हणतात ती हीच!"

टाळ्या झाल्या, फोटो निघाले, बाईंनी साहेबांना विजयी घोषित केलं. निरीक्षकांनी हात काढायला घेतला तसा मनोरा झुकला आणि साहेबांची भुवई चढली.

"कुठे निघालात?"

"जेवायला, साहेब."

"जेवण भरवता येतं."

ज्याच्याशी निरीक्षकांचा अबोला होता, त्याच कारकुनाने त्यांना घास भरवले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

फोटो वरपर्यंत पोहोचले. वरिष्ठांनी मनोरा स्वतः येऊन पाहण्याची इच्छा व्यक्त केली, मग दौरा पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला. तोवर मनोऱ्याला धक्का लागता कामा नये, हे ओघानेच आलं. निरीक्षकांना बढती देऊन 'आधार अधिकारी' हे नवं पद निर्माण करण्यात आलं. घरून फोन आला तेव्हा कारकुनाने तो त्यांच्या कानाला लावला.

"अहो, बढती मिळाली म्हणे?" बायकोने विचारलं.

"मिळाली. पण जागचं हलता येत नाही."

"मोठ्या पदावर असंच असतं. माझे भावजी तर साधं हसतसुद्धा नाहीत."

तपासणीचा अधिकार एकट्या निरीक्षकांना असल्याने लिफ्ट तपासायला आता कुणी जाणार नव्हतं. त्यावर 'तपासणी झाली असे गृहीत धरावे' असा तोडगा निघाला. नागरिकांना सभागृहात बोलावून, निरीक्षकांना लांबून नमस्कार करवून, कारकून दाखल्यावर शिक्का मारू लागला. लोक हरखून गेले. पूर्वी हा माणूस तारा ओढून बघायचा, दारं उघडझाप करायचा, नाही नाही त्या चुका काढायचा. आता कसं, आलं की काम फत्ते!

एके दिवशी रांगेतून एक आजी पुढे आल्या.

"बाबा, आमची लिफ्ट मजल्यांच्या मधेच थांबते. परवा शेजारची सून आत अडकली होती, पोटुशी आहे बिचारी. दाखला नको मला. तू येऊन बघ तरी."

"आजी, हात सोडला तर हा पडेल."

आजींनी मनोऱ्याकडे नीट पाहिलं.

"मग पडू दे की. रद्दीच तर आहे!"

निरीक्षकांना एकदम आपल्या मुंग्या आलेल्या बोटांची जाणीव झाली. आजींचं म्हणणं त्यांना इतकं सरळ वाटलं की बोटं आपोआप सैल पडली. मनोरा करकरला.

"साहेब, सोडू नका!" रांगेतून एकच गिल्ला झाला. "आजी, बाजूला व्हा! आमचे दाखले अडतील! तुमच्या एका लिफ्टपायी सगळ्यांनी खोळंबायचं का?"

दोघेतिघे तर रांग सोडून धावले आणि त्यांनी मनोऱ्याला आपलेही हात लावले. निरीक्षकांची बोटं पुन्हा आवळली. आजी निघून गेल्या, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.

त्या गिल्ल्यात आवाज बरेच होते. तुमचा वेगळा ओळखू आला नाही, इतकंच.