देह पुढे, सामान मागे

"त्यात काय अवघड आहे? एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं. पस्तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

हे वाक्य बोचकेमामांनी दुपारी तीन वाजता उच्चारलं. चार वाजून दहा मिनिटांनी ते परत घ्यायची सोय उरली नव्हती.

बोचकेमामा म्हणजे घरसामान हलवणारे. लोकांची बिऱ्हाडं या घरातून त्या घरात पोहोचवण्यात त्यांची हयात गेली. पुरुषभर उंचीचे आरसे, चिनी मातीच्या बरण्या, एकदा तर माशांसकट काचेची टाकी! "पस्तीस वर्षांत एका कपाचा कान तुटला नाही," हे ते नव्या माणसाला आधी सांगत, नाव नंतर. आणि निवृत्तीनंतर स्वतःच्याच घरातलं लाकडी कपाट या खोलीतून त्या खोलीत नेताना ते कलंडलं आणि बायकोचं उजवं मनगट मोडलं!

"फरशीला उतार आहे," मामांनी तिथल्या तिथे निकाल दिला.

कपाट मधल्या दारात तिरकं अडकलं, ते नऊ दिवस तसंच होतं. घरातले दोघंही खेकड्यासारखे आडवे होऊन ये-जा करत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर मामा खिशातून काचेची गोटी काढत आणि उतार दाखवायला ती फरशीवर ठेवत. गोटी जागची हलत नसे.

"आज हवा दमट आहे," मामा म्हणत.

त्यांची बायको म्हणजे ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं काढलेली सिस्टर. भल्याभल्या सर्जनांना "हात धुतलेत का?" असं विचारलेली. निवृत्त झाल्यावर तिने चार दिवस विणकाम करून पाहिलं, पाचव्या दिवशी सुया ठेवून दिल्या आणि टीव्हीला जोडायचा एक खेळ घेऊन आली. राक्षस, किल्ले, जादू, मारामारी. त्यात तिचा एक मांत्रिक होता. सव्वासहा फूट उंच, बेंबीपर्यंत पांढरी दाढी. अकरा महिने खपून तिने त्याला शिरस्त्राण, चिलखत, सोनेरी काठाचा झगा, नऊ बकलांचे बूट आणि विजेचा हातोडा मिळवून दिला होता. त्याच अकरा महिन्यांत नवऱ्याला तिने एक बनियन आणला होता. तोही एक माप लहान.

आज चार वाजता तिच्या चमूची अंतिम फेरी होती. समोर लोखंड्या नावाचा राक्षस. चमूत तिघं, आपापल्या घरून खेळणारी: ती, तिचा धाकटा भाऊ आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. तिघांतला एक जरी आला नाही तरी चमू बाद, की पुन्हा वर्षभर वाट बघा. आणि हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये!

"मी खेळतो तुझ्या जागी," मामा म्हणाले. "माझी चूक नाही, पण कर्तव्य आहे."

"मी सांगेन ते करायचं. आणि मी सांगेन तेवढंच करायचं."

"पेशंटशी बोलतेस का तू?"

"पेशंट ऐकतात. हे बघा, हे चौकोनाचं बटण. याला क्षणझेप म्हणतात. जिथे जिथे खुणेचा दगड आहे तिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत पोहोचता येतं. बटण दाबलं की पायाखाली वर्तुळ उमटतं. ते निळं होईपर्यंत दाबून धरायचं, मग सोडायचं. वर्तुळात जे कोणी असतील ते सगळे सामानासकट पोहोचतात."

"आणि आधीच सोडलं तर?"

"तर नुसते देह जातात. सामान मागे राहतं."

मामांचा चेहरा पडला. "सामान सोडून? ही कसली वाहतूक?"

"म्हणून म्हणते, दाबून धरा. आणि एकदा झेप घेतली की दहा मिनिटं बटण झोपतं. तेव्हा उगाच टिचक्या मारू नका."

मामांनी बटणांचं पॅड दोन्ही हातांत धरलं. ओझं उचलण्याआधी करत तसे पाय फाकवले, श्वास घेतला आणि दलदलीकाठच्या दगडापाशी उभ्या मांत्रिकाला घेऊन बटण दाबलं. वर्तुळ उमटलं. पिवळं झालं. हिरवं झालं.

"भाऊजीऽऽ! तुम्ही खेळताय?" टीव्हीतून मेहुण्याचा आवाज फुटला. "ताई, अगं आपण बुडालो!"

मामा दचकले. अंगठा उचलला गेला!

पुढच्या क्षणी लोखंड्याच्या गडाच्या महाद्वारासमोर, सामना बघायला जमलेल्या पन्नास-साठ शूर योद्ध्यांच्या मधोमध, मांत्रिक हजर झाला. अंगावर निळ्या पट्ट्यांची चड्डी आणि दाढी. नशीब, दाढी लांब होती!

"सिस्टर," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या मांत्रिकाची तब्येत बरी आहे ना?"

"वाजले किती?" बायकोने एवढंच विचारलं.

"पावणेचार. मी निघालो," मामा म्हणाले.

"कुठे?"

"सामान आणायला!"

"अहो, थांबा दहा मिनिटं. बटण जागं होईल."

"रस्त्यात सामान टाकून मी दहा सेकंद थांबलेलो नाही!"

आणि मामा चालू लागले. गड उतरले, पूल ओलांडला, दलदलीत गुडघाभर रुतले, बाहेर आले, पुन्हा रुतले. वाटेत एका लांडग्याने पोटरीला तोंड लावलं, तर त्याला तसाच लटकत घेऊन निघाले. मेहुणा टीव्हीतून एकसारखा हसत होता. हातोडा हाती घेतलेल्या माणसावर हसणं सोपं नसतं. चड्डीतल्या माणसावर काय, कोणीही हसतो.

दगडापाशी पोहोचले, तेव्हा तिथे सात खुजे राक्षस उभे होते. एकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, दोघं मिळून एका झग्यात, एकाच्या पायात एक बूट. सगळ्यात बुटका हातोडा फिरवून बघत होता.

"भाऊ, ते सामान पार्टीचं आहे," मामा टीव्हीकडे बघून समजुतीने म्हणाले. "तुम्ही असं करा, एका जागी नीट रचून ठेवा."

खुज्यांनी मामांनाच एका जागी रचलं.

"चारला दोन कमी!" बायको ओरडली. "सामान राहू दे! झेप घ्या! दाबून धरा, दाबून!"

या वेळी मामांनी बटण असं धरलं की पॅड करकरलं. पिवळं, हिरवं, निळं! मांत्रिक गडावर पोहोचला, सर्व सामानासकट. म्हणजे चड्डीसकट. शिवाय वर्तुळात सापडलेला एक खुजाही बरोबर आला. तो एका बुटात लंगडत गर्दीत पळून गेला.

"एक बूट आला बघ!" मामा समाधानाने म्हणाले.

दरवाजा उघडला. लोखंड्या बाहेर आला. दोन मजली उंच, टाळूपासून टाचेपर्यंत लोखंड, कुठे फट नाही. त्याचं चिलखत फुटायचं एकाच गोष्टीने, विजेच्या हातोड्याने. आणि हातोडा दलदलीत, सगळ्यात बुटक्याकडे! मेहुण्याचे बाण पत्र्यावर वाटाणे फेकावेत तसे टणटण उडाले. डॉक्टरीणबाईंचा भाला दोनदा वाकला. लोखंड्याने नुसता पाय आपटला तरी तिघं भिंतीवर जाऊन चिकटत होते. अशी आठ-नऊ मिनिटं गेली.

"संपलं, ताई," मेहुणा म्हणाला. "माझ्याकडे तीन बाण उरलेत."

बायकोने डाव्या हाताने मांडीवरची उशी घट्ट धरली होती. ती सोडली. "असू दे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

ती रागावली असती तर मामांना चाललं असतं. हे "असू दे" मात्र त्यांना चालणार नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले आणि लोखंड्याकडे पहिल्यांदाच राक्षस म्हणून नव्हे, तर हलवायच्या सामानातला एक डाग म्हणून पाहिलं. वजन अडीच-तीन टन. वरून जड. धरायला जागा नाही. हलवायला गेलं की अंगावर येणार…

"अगं, हे तर कपाट आहे!" मामा गरजले. "गच्च भरलेलं कपाट!"

मांत्रिक धावत सुटला आणि त्याने लोखंड्याच्या गुडघ्याला मिठी मारली.

"भाऊजी, काय करताय? मराल!"

"तू गप्प बस! जन्मात कधी कपाट उचललंयस? आधी रिकामं करायचं, मग हात लावायचा! भरलेलं कपाट हलवायला जाणारा माणूस गाढव असतो, शुद्ध गाढव! दलदलीच्या दगडापाशी या दोघं! सामानासकट या!"

बटण जागं झालं. मामांनी ते दाबलं आणि वर्तुळ पिवळं होताच सोडलं.

गडावर लोखंडाचं अवाढव्य चिलखत उभंच्या उभं राहिलं, आत कोणी नाही! आणि दलदलीकाठी, पट्ट्यांच्या चड्डीतल्या मांत्रिकासमोर, ठिपक्यांच्या चड्डीत लोखंड्या प्रकटला. आतून छत्रीच्या काडीएवढा! त्याने दोन्ही हात छातीवर आडवे धरले आणि लाजून पाठ फिरवली. तेवढ्यात मेहुणा आणि डॉक्टरीणबाई सामानासकट येऊन ठेपले.

"थोडंसं टोचेल हं," डॉक्टरीणबाई सवयीने म्हणाल्या आणि त्यांनी भाला घातला.

तुताऱ्या वाजल्या. फुलं पडली. विजेत्यांचं चित्र पडद्यावर झळकलं, आता वर्षभर तेच राहणार: चिलखतातला तिरंदाज, चिलखतातली भालाईत आणि मधोमध चड्डीतला मांत्रिक, कमरेवर हात ठेवून. मामांनीही इकडे कोचावर कमरेवर हात ठेवले होते. बायको हसत होती. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

मग ती हसायची थांबली.

"अहो, मघाशी काय म्हणालात?"

"कधी?"

"भरलेलं कपाट हलवायला जाणारा माणूस…"

मामांनी कमरेवरचे हात काढले.

"मी ऐकलं ताई," टीव्हीतून मेहुणा म्हणाला. "शुद्ध गाढव म्हणाले. सगळं रेकॉर्ड होतं, परत लावू का?"

"मलाही ऐकू आलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मनगटातलं मला काही कळत नाही."

बायकोने मधल्या दाराकडे पाहिलं. कपाट तिथेच होतं, गच्च भरलेलं. "मग फरशीच्या उताराचं काय?" तिने विचारलं.

मामा उठले. कोपऱ्यात कालच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली गोटी अजून ठेवली होती तिथेच होती. ती त्यांनी उचलली आणि खिशात टाकली.

"हवा कोरडी झालीय," ते म्हणाले आणि कपाट रिकामं करायला गेले.