तायडे गुरुजींचे तीन रस्ते

तायडे गुरुजी कोणत्याही गावात सायकलवरून उतरत नसत. अजिबात नाही. दारव्ह्याच्या बाजारात कांदे घ्यायचे असले तरी एक पाय जमिनीला टेकवून, बूड सीटवरच ठेवून त्यांची घासाघीस चालायची. चहा प्यायचा तर हॉटेलाबाहेरच्या खांबाला एका हातानं धरून, सीटवर बसूनच. हेडमास्तर समोरून आले तरी हे तसेच बसून नमस्कार करायचे, आणि हेडमास्तर भडकायचे.

"तायडे, मोठं माणूस दिसलं की उतरायची रीत असते!"

"उतराचं नाई सर," तायडे अगदी गोड आवाजात सांगायचे. "शाळेच्या फाटकात उतरतो, घरी उतरतो. मधात उतराचं नाई."

हे 'उतराचं नाई' मी दिवसातून दहा वेळा ऐकत होतो, कारण आम्ही दोघं एकाच शाळेवर मास्तर होतो आणि एकाच गावचे. आमचं बोरखेडी दारव्ह्यापासून चार कोसांवर, अडाण नदीच्या खोऱ्यात. माझं घर भर गावात, पाटलांच्या गल्लीत. त्यांचं घर गावाच्या पार पलीकडच्या टोकाला, वस्तीत.

त्या वस्तीतला माणूस सायकलवर आला तर त्यानं गावाच्या शिवेवर उतरायचं, चपला हातात घ्यायच्या आणि सायकल ढकलत गल्लीतून जायचं, नाहीतर नाल्यानं वळसा घालायचा, असा आमच्याकडे शिरस्ता होता. तायडे शाळेत शिकत असताना रोज असेच चपला हातात घेऊन जायचे. मी आमच्या ओट्यावर शेंगा खात ते पाहायचो. मला त्यात काही वावगं वाटत नसे, खोटं कशाला सांगू? मग छप्पन साली तायडे आणि त्यांची माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढच्याच महिन्यात तायड्यांनी जुनी सायकल विकत घेतली आणि उतरणं बंद केलं.

इथवर ठीक होतं. पण त्यांना दुसरं एक वेड लागलं, रस्ते हुडकण्याचं. दर रविवारी हा गृहस्थ खोऱ्यातल्या वाटा तुडवत हिंडायचा आणि सोबतीला मला ओढायचा. माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं. तायड्यांच्या खिशात एक वही असायची, तिच्यात एकेका रस्त्याची कुंडली: चढ किती, उतार किती, बाभळीचे काटे कुठं, कुत्रं कोणाचं, चावतं की नुसतंच भुंकतं. नदीकाठानं छान सपाट गाडीवाट असली तरी हे मला दगडाधोंड्यांतून टेकडीवर चढवायचे.

"काहून हो तायडे, सरळ रस्ता मेला काय?" मी धापा टाकत ओरडायचो.

"सरळ रस्ता मायले ठाऊक हाये, गुरुजी," ते म्हणायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे.

मायला ठाऊक असला तर बिघडलं काय, हे मी शेवटी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं उलगडा झाला. तायड्यांना आपल्या मायला दारव्ह्याच्या बाजारातून परतताना कॅरिअरवर बसवून बोरखेडीत न्यायचं होतं. चावडीवरून, पारावरून, पाटलांच्या गल्लीतून, थेट तिच्या दारापर्यंत. बसलेली. आणि एवढी साधी गोष्ट काही केल्या जमत नव्हती, कारण माय शिवेवर उतरायची.

तीही चालत्या सायकलवरून! साठीची बाई, पण अशी अलगद घसरायची की पत्ता लागायचा नाही. तायडे पुढे आपले बोलत असायचे, "पाह्य माय, औंदा कपाशी कशी फुटली," आणि शंभर पावलांवर त्यांना कळायचं की कॅरिअर हलकं झालंय. मागं वळून पाहावं तर माय पांढरं लुगडं सावरत नाल्याकडं निघालेली.

"काहून उतरली माय?"

"पाय आखडले बाप्पा. मोकये करतो."

पाय दर रविवारी आखडायचे, ते नेमके शिवेच्या दगडापाशीच. मग तायड्यांनी ठरवलं की अशा वाटेनं गावात शिरायचं, जिथं शीव आली हे मायला कळणारच नाही.

सडकेचा पहिला रस्ता बादच होता. दुसरा त्यांनी नदीकाठचा काढला. तिथं एका हौशी शेतकऱ्यानं नाशिकाकडून कलमं आणून द्राक्षांचा मांडव घातला होता. द्राक्षं अशी आंबट की पाखरंसुद्धा एक चाखून दुसऱ्याच्या शेतात जायची. पण मांडव दाट होता. त्याच्या आडून वाट थेट गावात निघायची, शिवेचा दगड दिसायचा नाही. तायडे भलतेच खूश. इस्माईल मिस्त्रीकडून कॅरिअरवर गादी शिवून घेतली. "मास्टर, ये सायकल है के डोली?" असं मिस्त्री हसून म्हणाला, तर यांनी मोठ्या अभिमानानं "डोलीच समज" म्हणून सांगितलं. रविवारी मांडवापाशी आलो, अन् माय उतरली.

"इथं कसं वयखलं तू?"

"हा बांध म्याच घातला नं बाप्पा. चार दिस दगड वाह्यले इथं."

मग तिसरा रस्ता, टेकडीमागचा. महिनाभर वहीत त्याचीच आखणी चालली होती. गावाला मागून वळसा घालायचा, टेकडी चढायची आणि उतारानं पाटलांच्या गल्लीतच पडायचं. चढावर, गाव नव्हतं म्हणून, तायडे स्वतः उतरून मायला बसलेलीच ठेवून पुढून सायकल ओढत होते आणि मागून मी रेटत होतो. माझी सायकल खाली बाभळीला टेकवून ठेवलेली. जीव कंठाशी आला. माथ्यावर पोचलो, तायडे सीटवर बसले, पायडलवर पाय ठेवला, आणि माय उतरली.

"इथं तं म्या गवत कापत होती," ती म्हणाली. "खाली गाव हाये आपलं. तू चाल, म्या नाल्यानं येतो."

त्या बाईला फसवायला साऱ्या खोऱ्यात एक रस्ता उरला नव्हता. प्रत्येक बांधावर, प्रत्येक धुऱ्यावर तिनं मजुरी केलेली.

तायड्यांनी हँडलवर डोकं टेकलं. असा माणूस खचलेला पाहवत नाही.

"मायले माह्यावर भरोसा नाई गुरुजी," ते म्हणाले. "तिले वाटते, कोनी आडवं आलं तं हा पोट्टा तिले टाकून पयून जाईन."

आणि मग मला गप्प राहवेना. कारण ती का उतरते, हे मला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं. तायडे पंधरा वर्षांचे असताना एकदा कोणाची तरी सायकल मागून भर गल्लीतून घंटी वाजवत गेले होते. त्याच दिवशी माझ्या काकाजींनी आमच्या ओट्यावर चार माणसं जमवली, काठ्या घेऊन. ती निघणार एवढ्यात ही बाई धावत आली. आमच्या ओट्याखाली मातीत डोकं टेकून तिनं शब्द दिला की माझ्या घरचं माणूस पुन्हा गल्लीतून बसून जाणार नाही, पण माझ्या पोराला हात लावू नका. मी दारात उभा होतो. पोराला तिनं हे कधी सांगितलं नाही. मी तर नाहीच सांगितलं. लाज वाटत होती, दुसरं काय?

ते सगळं मी त्या टेकडीवर, तिच्या देखत, तायड्यांना सांगून टाकलं.

तायडे मायकडं वळले. "माह्यासाठी डोकं टेकवलं तू?"

"मंग कोनासाठी टेकवू?" ती उलट त्यांच्यावरच खेकसली. "आन तू तं आयकतच नाई. घंट्या वाजवत जातं गल्लीतून. एकानं तरी शब्द पायला तं ते गप राह्यतीन, म्हनून म्या उतरतो."

आमच्या घरात तिला सगळे 'शेवंते' म्हणायचे, लहान पोरंसुद्धा. मीही तेच म्हणत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा दुसरा शब्द तोंडात आला, आणि जीभ चाचरली.

"माय," मी म्हणालो, "तो शब्द आमच्या घरानं घेतला. मी त्याच घरचा हावो. म्या तो वापस केला. काकाजीचं मी पाहून घेतो. तुमी बसा."

तिनं लुगड्याचा पदर खोचला. मग म्हणाली, "पाहा बरं बापू. पोरगा एकच हाये माहा." आणि बसली.

तायड्यांनी सायकल उतारावर सोडली. मी मागं पळत होतो, अक्षरशः पळत, धोतर सावरत. गल्ली लागली. ओट्यावर काकाजी सुपारी कातरत बसले होते, त्यांचा अडकित्ता हातातच राहिला. त्यांनी मला हाक मारली, मी थांबलो नाही. पुढं चार दिवस घरात मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही, पण ते असो. सायकल पारावरून गेली, चावडीवरून गेली, वस्तीत शिरली आणि दारात थांबली.

माय कॅरिअरवर तशीच बसून होती. सीटची स्प्रिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"गाव आलं काय रे?" तिनं विचारलं.

"आलं आन गेलंबी, माय. आपलं दार हाये हे."

तिनं तेव्हा कुठं डोळे उघडले. दाराकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"मंग मले तं काईच दिसलं नाई! म्या भेवानं डोये मिटून होती." मग लहान पोरीसारखी हळूच म्हणाली, "एकडाव अजून ने नं."

तायड्यांनी लगेच पायडलवर पाय ठेवला. त्यांनी सायकल फिरवली. या खेपेला मी शेजारून चालत होतो. माय मान वर करून एकेक घर बघत होती, कोणाची कौलं नवी, कोणाच्या अंगणात तुळस. आमचा ओटा आला. काकाजी उठून उभे राहिले होते. तायड्यांनी पायडल जोरात मारलं, तशी तिनं त्यांच्या पाठीवर थाप दिली.

"हयू चाल बाप्पा," ती म्हणाली. "घाई कायले हाये?"