दळवींचा डावा हात

आमच्या अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दळवींचा डावा हात फारसा कुणी पाहिलेला नाही. वायरीजवळ गेले की तो पँटच्या खिशात जातो. "शेठ, दोन्ही हात लावले की करंट छातीतून जातो. एकच हात लावायचा." वायर दुकानातल्या वेटोळ्यात गुंडाळलेली असली, तरीही.

टेस्टरवरही त्यांचा विश्वास नाही. आधी तो चालू सॉकेटमध्ये घालून बघणार, मग बंद वायरीला लावणार, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. "मधल्या वेळात टेस्टरच मेला असला तर?"

मी सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची पॅनलं बनवतो. फुटपाथवर होल्डर विकण्यापासून इथवर आलोय, मला अजून कुणी गंडवलेलं नाही. पण माझे बोर्ड बनवणाऱ्या दळवींनी डोकं फिरवलं. मला हवा होता एक छोटा बोर्ड. मेन लाईन आली की गेली, हे आतल्या पाच व्होल्टच्या चिपला कळावं, एवढंच. दोन रेझिस्टर टाका आणि द्या लाईन चिपला, म्हटलं. दळवी मध्ये एक काळा चौकोनी तुकडा घालून बसले. त्यात एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला तो दिवा बघणारा डोळा. मध्ये वायर नाही. वर बोर्डालाही मधोमध फट कापलेली.

"तो तुकडा काढा," मी म्हणायचो.

"बातमी पलीकडे गेली पाहिजे. करंट नाही," ते म्हणायचे.

महिनाभर हेच. माझी पॅनलं अडकलेली, गिऱ्हाइकं माझ्या नावाने शिमगा करतायत.

त्या संध्याकाळी मी भांडायचं ठरवूनच गेलो. दळवींच्या टेबलावर एक लाल आणि एक हिरवा असे दोन दिवे कायम असतात. लाल पेटला होता. हिरवा विझलेला, आणि दळवी त्याच्याकडे टक लावून बसलेले.

"काय झालं?"

"मुलुंडला मोठा भाऊ राहतो. एकटाच. तिकडची खबर नेटवरून इथे येते. लाल म्हणजे घरात लाईट आहे. हिरवा म्हणजे त्याने किचनची ट्यूब लावली. सहाला चहासाठी लावतोच. पावणेसात झाले."

"अहो, मग फोन करा ना!"

"बोलणं नाही आमचं. नऊ वर्षं झाली."

"आणि हे तिकडे काय भुताने बसवलं?"

"मीच बसवलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. स्टूल मात्र त्याने धरलं."

तेव्हा मला दळवींचा डावा हात दिसला. टेबलाची कड घट्ट धरलेला.

"नंबर द्या," मी ओरडलोच.

रिंग वाजत राहिली. कट होणार, इतक्यात खरखरीत आवाज आला. "कोण?"

"लाईट ऑफिसातून," मी ठोकून दिलं. "सप्लाय आहे ना घरी?"

"आहे." मग नुसत्या चपला फरफटल्याचा आवाज.

टेबलावर हिरवा दिवा लागला.

"त्याला सांगा," तिकडून आवाज आला, "डोळा लागला होता."

मी तसंच सांगितलं. दळवींनी मान हलवली. डावा हात खिशात गेला.

"बोला शेठ. काय काढायचं म्हणत होता?"

"काही काढू नका," मी म्हटलं. "पण महिना फुकट घालवलात, हे मी विसरलेलो नाही."