मार्थाबाईंची एकच भाकर

मार्थाबाई इंगळे चर्चमध्ये आमेन म्हणत नसत.

बाई श्रद्धाळू नव्हत्या असं कुणी म्हटलं तर मीच त्याच्याशी भांडेन. रविवारी सकाळी नऊची घंटा व्हायच्या आत त्या पहिल्या बाकावर हजर असत. पांढरी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात कव्हर घातलेलं बायबल. गाणी खड्या आवाजात म्हणत, उपदेशाच्या वेळी डुलकी काढणाऱ्या शेजारणीला कोपरानं ढोसत. पण प्रार्थना संपून सगळी मंडळी एका सुरात "आमेन" म्हणाली की बाई ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत राहत. आमचे पाळकसाहेब नगरकडचे, तरुण आणि फार मऊ स्वभावाचे. इथं आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी घाबरत विचारलं, "बाई, माझ्या प्रार्थनेत काही चुकलं का?"

"चुकलं काई नाई," मार्थाबाई म्हणाल्या. "पुरी नाई झाली. अर्धे लोक यायचेच आहेत अजून. अर्ध्यात काय आमेन करू?"

आणि त्या तशाच बसून राहिल्या. अकराची दुसरी उपासना सुरू झाली, संपली, आणि तिच्या शेवटी बाईंनी दोन्ही उपासनांचं मिळून एकच आमेन असं काही ठोकलं की छतावरची कबुतरं उडाली.

हे दोन उपासनांचं प्रकरण आधी सांगायला हवं. आमचं गाव सोनाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. चर्च जुनं आहे, मिशनच्या काळातलं. मंडळी पहिल्यापासून मराठी. मग डोंगरातली कोरकू कुटुंबं संत्र्याच्या बागांमध्ये कामाला म्हणून खाली उतरली, त्यातली काही इथंच राहिली. ती घरी कोरकू बोलतात आणि बाहेर हिंदी. त्यांच्यात दवाखान्यातल्या केरळच्या दोन नर्सा मिळाल्या. तेव्हा कमिटीनं ठरवलं, नऊला मराठी उपासना, अकराला हिंदी. कुणाचं मन दुखवायचं म्हणून नव्हे, सोय म्हणून. आपल्याकडे एकदा सोय झाली की ती मोडायला माणसाच्या अंगात फार मोठं बळ लागतं.

मी दोन्ही उपासनांना पेटी वाजवतो. शाळेत मास्तर आहे, त्यामुळे फुकट काम करायची सवय आहे. खरं सांगायचं तर मला ही व्यवस्था पसंत होती. मधल्या वेळात गेटसमोरच्या टपरीवर चहा आणि गरम आलूबोंडा व्हायचा. तिथं बसून मी बघायचो. नऊवाले बाहेर पडत, अकरावाले आत शिरत, गेटात एकमेकांना "सलाम, सलाम" म्हणत. कारखान्याची पाळी बदलते तसं. इतक्या वर्षांत त्या गेटात कुणी सलामाच्या पुढं गेलं नव्हतं.

मार्थाबाई दवाखान्यात नर्स होत्या. अर्धा तालुका त्यांच्या हातावर जन्मला, मीसुद्धा, आणि हे त्या मला विसरू देत नाहीत. रिटायर झाल्या तरी नर्सपण सुटलं नाही. सलाम करायला हात पुढं केला की त्यांची दोन बोटं हळूच मनगटावर सरकतात आणि नजर घड्याळाकडे जाते. "मास्तर, नाडी जोरात पयून राह्यली तुई. तेलकट खाल्लं का?" असं त्या चारचौघांत विचारतात. कुणी लांबण लावून काही सांगू लागलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "दुखते कुठी थे सांग. गोष्ट नोको सांगू."

हेच वाक्य त्यांनी कमिटीत वापरलं. दर बैठकीत बाई उभ्या राहत आणि म्हणत, "उपासना एक करा." मग सगळे गोष्टी सांगायला लागत.

शांतवन वानखडे हे आमच्या कमिटीतले ज्येष्ठ वडीलजन. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण कोणतंही पाणी पुढं सोडायचं नाही हा स्वभाव राहिला. ते म्हणाले, "बाई, थे लोक आपलेच आहेत. आपन कधी नाई म्हटलं? पन त्याईची ढोलक, आपली पेटी. थे खाली बसते, आपन बाकावर. कसं जमन?"

"दुखते कुठी थे सांगा," बाई म्हणाल्या. "ढोलकीनं दुखते का खाली बसल्यानं?"

बाई मग दुसऱ्या बाजूकडे वळल्या. तिकडचे पुढारी बाबूलाल बेठेकर, ट्रॅक्टर चालवतात. बाईंना वाटलं होतं, हा तरी आपल्या बाजूनं बोलेल. तर बाबूलाल टोपी हातात फिरवत म्हणाले, "सिस्टर, हमको आदत हो गयी. उधर सब पढ़े-लिखे लोग. बेंच पे बैठे तो हमारा गलाच सूख जाता."

थोडक्यात, दोन्हीकडच्यांना आपापली पाळी आवडत होती. एकटी बाईच मध्ये उभी होती.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मले एवढंच सांगा. मी मेली त माई उपासना नऊची करसान का अकराची?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. पाळकसाहेबांनी घाईघाईनं सांगितलं की हा विषय आपण प्रार्थनेत ठेवू. ज्यांना चर्चच्या कमिट्यांचा अनुभव आहे त्यांना सांगायला नको, जो विषय प्रार्थनेत ठेवला जातो तो तिथून सहसा बाहेर येत नाही.

पण प्रभुभोजनाची भाकर मार्थाबाई करत असत, हे कमिटी विसरली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि रस वाटून घ्यायचा. शहरात पाव आणतात, आमच्याकडे घरची भाकर. नाव भाकर, पण असते गव्हाची, खमीर न घातलेली, जाडसर. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचा रस करायचा, तोही बाईच करत. चर्चच्या मागंच त्यांची खोली आहे. दर वेळी त्या दोन भाकरी करायच्या, एक नऊची, एक अकराची.

त्या रविवारी नऊची गाणी झाली, दानार्पण झालं, उपदेशही संपला. टेबलावर पांढरं कापड होतं, रसाचे छोटे प्याले होते, ताट मात्र रिकामं, आणि पहिल्या बाकावर बाईही नव्हत्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीवरून उठलो आणि मागच्या दारानं बाईंच्या खोलीवर गेलो.

बाई खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. परातीत कणकेचा भला मोठा गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला.

"सिस्टरबाई, भाकर कुठी आहे? लोक थांबून राह्यले!"

"कनीक मुरून राह्यली."

"अजून मुरून राह्यली? साडेधा वाजले!"

"मोठी आहे, टाइम लागन." त्यांनी पान उलटलं. "पाळकसाहेबाले सांगजो, अजून एक गानं घ्या. लंबं वालं."

आम्ही एक गाणं घेतलं. मग आणखी एक. पाळकसाहेबांनी उपदेशातले राहून गेलेले मुद्दे काढले, मग न राहिलेलेही काढले. वानखड्यांना साखरेचा त्रास, त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू भाकर मीच खाल्ली. उठून जावं तर प्रभुभोजन बुडतं, बसावं तर पोटात कावळे. एवढ्यात अकरा वाजले आणि अकरावाले येऊन दारात उभे राहिले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायकांच्या कडेवर लेकरं. बाबूलाल दारातून डोकावले आणि ओशाळून मागं सरले. त्यांना वाटलं, आपलीच वेळ चुकली.

पाळकसाहेब दोन क्षण घुटमळले. मग म्हणाले, "अंदर आइए. सब लोग अंदर आइए."

ते आत आले. बाकांवर जागा नव्हती, म्हणून त्यांनी मागं आणि मधल्या वाटेत सतरंज्या, म्हणजे आमच्याकडच्या दऱ्या, टाकल्या. लोक सरकले, कुणाच्या पायावर कुणाचा पाय पडला, कुणाचं लेकरू वानखडेबाईंच्या मांडीवर जाऊन बसलं आणि तिथून उठेना. आणि तेव्हा कुठं मार्थाबाई मागच्या दारानं दोन्ही हातांत परात धरून आल्या. टेबलावर ठेवून कापड काढलं.

अशी भाकर मी जन्मात पाहिली नव्हती. दवाखान्याच्या मेसचा मोठा तवा मागून आणला असणार. परात पूर्ण भरून वर कडा डोकावत होत्या, काही ठिकाणी करपलेल्या. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "बाई, दुसरी?"

"कनीक एकीचीच होती," बाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि भाकर मोडायला घेतली. ती मोडेना. बाई आयुष्यभर बेताच्या भाकरी करत आल्या होत्या, एवढ्या मोठीचा अंदाज त्यांना नव्हता. कडा पापडासारख्या कडक आणि मधलं पीठ कच्चं, चिवट. पाळकसाहेबांनी डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं, कपाळावर घाम आला. सुरी आणावी तर भाकर मोडायची असते, कापायची नसते. शेवटी वडीलजन म्हणून वानखडे उठले आणि त्यांनी एक कड धरली. एकट्यानं होईना. मग दरीवरून बाबूलाल आले, हात धोतराला पुसले आणि दुसरी कड धरली.

दोघे ओढू लागले. सगळं चर्च श्वास रोखून बसलेलं. आणि मार्थाबाईंच्या अंगात ते बाळंतपणाच्या खोलीतलं सगळं जुनं वारं आलं.

"जोर लावा, वानखडे! बाबूलाल, सोडू नोको! श्वास घे, श्वास घे... आता लाव जोर! आलं, आलं, आलं!"

भाकर फाटली. वानखडे उपदेशाच्या पुलपीटावर आदळले, बाबूलाल माझ्या पेटीवर, आणि पेटीतून जो सूर निघाला तो कोणत्याच रागातला नव्हता. आधी केरळच्या नर्सा हसल्या, मग दरीवरच्या बायका, मग वानखडेबाई तोंडाला पदर लावून, आणि शेवटी खुद्द पाळकसाहेब. प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या चर्चमध्ये कधी कुणी हसलं नव्हतं. मग सगळ्यांनी ती अर्धी कच्ची भाकर खाल्ली. चावताना प्रत्येकाला बराच वेळ लागला, पण कुणी काही बोललं नाही. शेवटी बाईंनी आमेन म्हटलं की नाही, हे त्या गडबडीत कुणाच्याही ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतरच्या बैठकीत वानखड्यांनी स्वतःच सुचवलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र बसू. बाबूलाल म्हणाले, "फिर बाकी रविवार ने क्या बिगाड़ा?" तेव्हापासून एकच उपासना, दहा वाजता. सगळं गोड झालं असं समजू नका. ढोलक पुढं पळते आणि मी मागं राहतो. उपदेश दोन भाषांत होतो म्हणून दुप्पट लांबतो. माझा आलूबोंडा कायमचा गेला.

कमिटीनं बाईंसाठी पहिला बाक राखून ठेवला. पण बाई त्यानंतर तिथं एकदाही बसल्या नाहीत. त्या मागं दरीवर कोरकू बायकांच्या मधोमध जाऊन बसू लागल्या. त्यांचे गुडघे धड नाहीत, बसताना आणि उठताना दोघींचा आधार घ्यावा लागतो. एका रविवारी उपासना संपून लोक पांगल्यावर मी पेटी बंद करून त्यांच्याजवळ गेलो. त्या अजून खालीच बसलेल्या, शेजारी एक कोरकू म्हातारी.

"सिस्टरबाई, काऊन खाली बसता? बाक रिकामा आहे न तिकडे."

बाईंनी मला बसायची खूण केली. मग गोष्ट न सांगणाऱ्या त्या बाईंनी मला पहिल्यांदा गोष्ट सांगितली.

"मी वरची आहो, मास्तर. डोंगरातली. माय मेली तवा मले मिशनच्या बाईनं खाली आनलं. एवढीशी होती. बोर्डिंगात नाव देल्लं मार्था, मराठी शिकवलं. कोरकू बोललं त रागवत. तवा भाषा भुलली मी. लग्न झालं इंगळ्यात, कोनाले सांगतलं नाई. पहिले मले काय नावानं हाका मारत, थे बी आठवत नाई."

मी दरीवर थोडा जवळ सरकलो.

"नऊ वाजता मी मराठी," बाई म्हणाल्या. "अकरा वाजता आली का मी सिस्टर. मी दिसली का या बाया गप होत, उठून उभ्या राहत. दोन्ही टाइम अर्धीच बसत होती मी. म्हटलं, मराच्या आंधी एक डाव आख्खी बसू."

शेजारच्या म्हातारीला आमचं मराठी कळत नव्हतं. तिनं बाईंचा गुडघा चोळायला घेतला आणि कोरकूत काहीतरी सांगू लागली. बराच वेळ, संथपणे, घरच्या माणसाशी बोलावं तसं. बाई तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होत्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी त्यांनी ते पुसलं नाही.

"काय म्हनून राह्यली थे?" मी हळूच विचारलं.

"मले काय माईत? एक शब्द बी समजत नाई," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पन तू मधात बोलू नोको. तिले बोलू दे."