गाडीचा पंखा आणि तो दुसरा आवाज

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडणार असेल, तर ती आधी मला कळवते. गीझर, मिक्सर, सासूबाईंचा गुडघा, सगळ्यांचं तसं ठरलेलंच आहे. ओजस झाल्यापासून माझे कान इतके तयार झालेत, की शेजारच्या विंगमध्ये कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तरी मी दचकते. ओजस दीड वर्षाचा आहे. दुपारी तो झोपतच नाही. रात्री झोपतो, पण उपकार केल्यासारखा, तुकड्यातुकड्यांत. त्यामुळे मीही झोपत नाही. मला एक सलग तास झोप मिळावी, एवढंच माझं सध्याचं आयुष्यातलं ध्येय आहे. आणि तरी सुयोगचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं असं की मी घोरते. जी बाई झोपतच नाही ती घोरेल कधी?

तर, गाडीचं दुखणंही पहिल्यांदा मलाच कळलं.

एका रविवारी सासूबाईंना घेऊन आम्ही वर्सोव्याला मासे आणायला गेलो होतो. परतताना अख्खी अंधेरी गोगलगायीसारखी सरकत होती. मरोळला सोसायटीत आलो, सुयोगने गाडी बंद केली, किल्ली काढली, बांगड्यांची पिशवी उतरवली, तरी बॉनेटच्या आत पंखा घोंघावतोच आहे! सुयोग म्हणाला, इंजिन तापलं की गाडी बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, गार झालं की थांबतो, सगळ्याच गाड्यांचं असं असतं. सासूबाईंनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला.

"गाडीक ताप इलोसा वाटता गो," त्या म्हणाल्या.

मी सासूबाईंच्या बाजूने. आमचं घर पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. बांगडे साफ झाले, तळून झाले, खाऊन झाले, ताटं घासून झाली, तरी खाली पंखा चालू. सकाळी बॅटरी पार उतरलेली. सुयोग रिक्षाने ऑफिसला गेला. जाताना 'तुझं बरोबर होतं' एवढं सोडून बाकी सगळं बोलला.

दुसऱ्या गाडीला वायर जोडून आम्ही ती चालू केली आणि मिथुनच्या गॅरेजात नेली. तिथे पोचताच पंखा असा गुमान बंद झाला, जसा ओजस डॉक्टरांसमोर अचानक गुणी बाळ होतो. दोनदा नेली, दोन्ही वेळा तेच. मिथुन वैतागला. म्हणाला, "ताई, चालू राहिलेला दाखवा, नायतर व्हिडिओ काढून आणा. असं अंदाजाने काय काय खोलत बसू?"

दरम्यान मी इंटरनेटवर शोधलं. इंटरनेटने मला आजवर कधीही धीर दिलेला नाही. ओजसला शिंक आली तरी तिथे न्यूमोनियाच निघतो. गाडीच्या पंख्याबद्दल कळलं, की तो असाच चालत राहिला तर वायर तापते, आणि तापलेली वायर पेट घेऊ शकते. मी ताबडतोब सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली: आमच्या गाडीचा पंखा बंद होत नाहीये, आग लागू शकते, कृपया शेजारी दुचाकी लावू नये. फक्त तळमजल्यावरच्या नंदूकाकांचा अंगठा आला.

नंदूकाका रिटायर्ड आहेत. मागे सोसायटीत आग विझवण्याचं प्रात्यक्षिक झालं होतं, तेव्हापासून ते मोठ्या आशेने वाट बघतायत. पार्किंगमधल्या वाळूच्या लाल बादल्यांना त्यांनी स्वखर्चाने नवीन रंग दिलाय.

गुरुवारी दुपारी मी ठरवलं, आज व्हिडिओ काढायचाच. ओजसला त्याच्या सीटवर बांधलं आणि इंजिन तापावं म्हणून सीप्झपर्यंत एक फेरी मारली. परत येऊन गाडी लावली. चारही काचा खाली केल्या, किल्ली काढली, दारांचं लॉक उघडं ठेवलं, हे सगळं पुन्हा एकदा तपासलं. पंखा सुरूच. मी मोबाईल डॅशबोर्डवर टेकवला आणि बातम्या दिल्यासारखी बोलले, "गाडी बंद आहे. किल्ली माझ्या हातात आहे." मग ओजस का गप्प आहे म्हणून मागे वळून पाहिलं.

ओजस पेंगत होता. दुपारी!

मी श्वाससुद्धा जपून घेतला. उचलला असता तर खडबडून जागा झाला असता. म्हटलं, पाच मिनिटं अशीच बसते, नीट लागू दे झोप.

त्यानंतरची मला आठवणारी गोष्ट म्हणजे वाळू.

झालं होतं असं, की नंदूकाका दूध आणायला निघाले. त्यांनी पाहिलं, गाडी बंद, पण आत काहीतरी घोंघावतंय, आणि पुढच्या सीटवर मी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून पडलेली. त्यांना माझी सूचना आठवली. त्यांनी हाक मारण्यात वेळ घालवला नाही. अर्धी बादली बॉनेटवर गेली, उरलेली उघड्या काचेतून माझ्यावर. सोसायटीने वर्षानुवर्षं त्या वाळूत काय काय विझवलं आणि टाकलं होतं ते मी सांगत नाही, पण एक विडीचं थोटूक मला केसांत मिळालं. मी थुंकत, खोकत उठले, नेमकी तेव्हाच बॅटरी उतरली आणि पंखा थांबला. ओजसने भोकाड पसरलं.

"आटोक्यात आली," नंदूकाकांनी जमलेल्या लोकांना सांगितलं.

सासूबाई धापा टाकत खाली आल्या. माझे विस्कटलेले केस, रडणारं पोर, गाडी. त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि हळूच विचारलं, "सुयोगशी भांडान हय येऊन बसलंस काय गो? माका सांगूचा होता. मी पण इलंय असतंय."

घड्याळात पाहिलं तर चांगले दोन तास झाले होते. दोन तास मी झोपले होते! संध्याकाळी मी सुयोगला माझा शोध सांगितला. पंख्याच्या आवाजाने ओजस झोपतो, पंखा थांबला की उठतो, तेव्हा गाडी दुरुस्त करायची नाही. सुयोग म्हणाला, रोज बॅटरी मारून पोर झोपवणं परवडणार नाही, पंख्याचा आवाज मोबाईलवरही मिळतो.

शनिवारी आम्ही मिथुनकडे गेलो. त्याने माझा व्हिडिओ गॅरेजच्या स्पीकरला जोडला. आधी माझी बातमी, मग पंख्याचं घूंऽऽ. मी त्याच्याकडे अभिमानाने पाहिलं. थोडं पुढे सरकवल्यावर त्या घूंऽऽमध्ये दुसरा एक आवाज सुरू झाला. आधी खरखर, मग शिट्टी, मग थोडी शांतता, की पुन्हा खरखर. मिथुनने कान स्पीकरजवळ नेला.

"ताई, पंखा चालू-बंद करणारा रिले तर चिकटलाच आहे, त्याच्यामुळे पंखा बंद होत नाय. पण हा दुसरा आवाज ऐका. बेअरिंग गेलंय. आख्खा पंखा बदलावा लागेल."

मी गंभीरपणे मान हलवली. यात आगीचा धोका आहे का, तेही विचारलं. सुयोग मागे टायरच्या ढिगाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"पंखा राहू दे, मिथुन," तो कसाबसा म्हणाला. "तो पार्ट गाडीचा नाही. घरचा आहे."

नवीन रिले बसला. आता गाडीचा पंखा एखाद्या सभ्य माणसासारखा वेळेवर गप्प होतो. ओजस मात्र पुन्हा टक्क जागा. सुयोगने पंख्याचे, विमानाचे, धबधब्याचे आवाज लावले. ओजसने सगळे मन लावून ऐकले आणि टाळ्या वाजवल्या. शेवटी सासूबाईंनी माझा व्हिडिओ लावला. नुसतं घूंऽऽ होतं तोवर साहेब डोळे मोठे करून बघत होते. मग ती खरखर सुरू झाली. त्याच्या पापण्या जड झाल्या, अंगठा तोंडात गेला आणि पोर आडवं.

"पंख्यान निजणा नाय गो," सासूबाई म्हणाल्या, "पोर तुझ्या घोरण्यान निजता. तू नीज, तो आपसूक निजता."

इतका सोपा उपाय. तेव्हापासून मी रोज दुपारी त्याच्या शेजारी आडवी होते. डोळे मिटते. मग कान लावून बघते, झोपला का? गीझर बंद केला ना? खाली गाडी गप्प आहे ना? अशाने झोप कुठली यायला. शेवटी मुकाट्याने मोबाईल उशाशी लावते.

सध्या दुपारी आमच्या खोलीत दोघंच गाढ झोपतात. ओजस, आणि मोबाईलमधली मी.